उशीखाली

छातीवरच्या पट्टीवर माझं नाव आहे, इव्हरोझ,
आणि खाली बारीक अक्षरांत गाव: जाकमेल.
पाहुणे वाचतात. कुणी विचारतं, हे कुठल्या बाजूला येतं?
मी म्हणते, समुद्राच्या बाजूला.
त्यांना तेवढं पुरतं.

चौदाशे खोल्या. इमारतींना बेटांची नावं.
मधे एक तळं, खणून केलेलं,
काठाला ट्रकने आणून ओतलेली पांढरी वाळू
आणि पाटी: पाण्यात उतरू नये, मगरी आहेत.
मगरी तेवढ्या खऱ्या.

माझ्या वाट्याला रोज सोळा खोल्या.
आज त्यांतल्या सात रिकाम्या होणाऱ्या, म्हणजे कंबरडं गेलं.
फ्रिजमध्ये अर्धा पिझ्झा, टबाच्या तळाशी चमकी,
तळहाताएवढे मोजे, एकेकच,
हेअर ड्रायरच्या तोंडावर उपडे घातलेले भिजके बूट.
(तो जळका वास मला जिन्यातच कळतो.)

४२१७ मात्र राहणारे. चार रात्री झाल्या, दोन बाकी.
चादर ओढली तशी उशीखालून
टिश्यूची पुडी घरंगळली.
आत दात. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा,
मुळाशी तपकिरी टिपका,
आणि हॉटेलच्याच कागदावर, हॉटेलच्याच पेनाने:
परी, आम्ही घरी नाही. आम्ही इथे आहोत.
खोलीचा नंबर तीनदा गिरवलेला.

परी आली नव्हती.
आईबाप दमले असणार.
पाहिलंय मी त्यांना लिफ्टमध्ये, रात्री अकराला,
बापाच्या खांद्यावर लोंबकळणारं पोर,
आईच्या हातात दोन तलवारी, एक फुगा,
आणि सकाळी सहाचा गजर लावत असलेला अंगठा.
सुट्टीसाठी इतकं राबणारी माणसं
मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

आमच्याकडे परी नसते. आमच्याकडे उंदीर.
दात पत्र्यावर भिरकवायचा आणि ओरडायचं,
उंदरा उंदरा, माझा कुरूप घे, तुझा देखणा दे.
माझे आठ का नऊ अजून असतील त्या पत्र्यावर.
पत्रा असेल तर.

या गावात उंदराच्या कानांच्या टोप्या मिळतात,
बत्तीस डॉलरला एक.
खरा उंदीर दिसला की मिगदालिया, आमची सुपरवायझर,
फवारणीवाल्याला फोन लावते.

टेबलावर कपाखाली माझ्यासाठी दोन डॉलर होते.
एक मी उशीखाली सरकवला.
मग दुसराही. रात्रभर उशीर झालेला,
व्याज लागणारच.
टॉवेलचा हंस केला. मान वाकडी झाली, राहू दिली.

आता दात.
पाहुण्यांची वस्तू उचलली तर नोकरी जाते,
अकरा वर्षं हे पाठ आहे मला.
पण परी दात ठेवून पैसे देत नाही कुठेच.
दिवसभर तो ॲप्रनच्या खिशात,
मास्टर चावीला लागून किणकिणत.

रात्री नऊला पलीकडे आतषबाजी सुरू होते.
अकरा वर्षांत मी ती ऐकलीये फक्त,
लॉण्ड्रीच्या भिंती थरथरतात तेवढी.
आज मागच्या जिन्यावर उभी राहिले.
खाली पूलच्या बारवर गवताचं छप्पर,
गवत प्लॅस्टिकचं, पाच वर्षांची गॅरंटी असलेलं.
त्यावर एकही उंदीर राहत नसणार.
तरी फेकला.
म्हटलं ते माझ्या भाषेत, ओरडून,
तेवढ्यात आकाश फुटलं ते बरं झालं.
पडला कुठे, दिसलं नाही.
सव्वानऊची बस गेली.

दुसऱ्या दिवशी ४२१७ मध्ये उशीखाली पुन्हा कागद:
परी, भावाचाही एक हलतोय.
आम्ही उद्या दुपारी निघणार.
जरा थांबशील?

टेबलावर आज काही ठेवलेलं नव्हतं.
खिशातली नाणी काढून मोजली.
बसला दोन डॉलर लागतात.