जांभळा ठिपका

पाकिटावर छापलंय : सात पौंड.
मी पाकिटांवर विश्वास ठेवत नाही.
उद्यमनगरात अडतीस वर्षं
ऑइल इंजिनच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा दाबून
हा अंगठा असा चपटा झालाय.

मृणालिनी मांगलेकर समोर स्टुलावर,
बशीतल्या चहावर साय धरलेली.
पिस्तूल घरी, कुलपात.
इथं आणल्यात नुसत्या स्प्रिंगा,
कापसाच्या घडीत, नऊ,
प्रत्येकीच्या शेपटाला नेलपॉलिशचा ठिपका.
"काका, एवढं बघा की. मला आकडा पाहिजे, अंदाज नको."

मग काढला जुना काटा,
तबकडीवरचा पाच पुसून गेलेला.
खाली लोखंडी ठोकळा, म्हणजे प्रत्येकीला
तितकंच वाकावं लागेल, सूट नाही.
सात पौंड म्हणजे तीन किलो पावणेदोनशे.
जांभळी म्हणाली तीन ऐंशी.
पुन्हा दाबली. तीन ऐंशी.
जेवून आलो, दाबली. तीन ऐंशी.
लालनं मात्र तीनदा तीन वेगळी उत्तरं दिली,
आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखी.

स्प्रिंग नरम पडली तर स्लाइड मागं जाऊन आदळते,
मनगटापर्यंत हिसका,
रिकामी पुंगळी पार भिंतीपाशी.
कडक झाली तर पुंगळी दारातच अडकते,
निघालो निघालो म्हणत उंबऱ्यात
अर्धा तास बोलणारा पाहुणा जसा.
आणि स्लाइड मिटताना नळीचं नाक खाली झुकतं,
माशी शोधत बसते आपली जागा.
हे मला तिनं सांगितलं.
मला इंजिनं ठाऊक, नेम नाही.

रविवारी संकुलात, कानांवर ते डबे चढवून,
माझं काम एवढंच :
तिच्या उजव्या हाताला जमिनीवर
खो-खोच्या मैदानावरली मूठभर फक्की आणून
पुंगळी पडेल तिथं खूण.
एका रंगाच्या दहा गोळ्या.
हिरवीच्या खुणा पसरट, चालतील अशा.
पिवळीच्या शेजारच्या लेनमध्ये,
तिथल्या पोरानं रागानं बघितलं.
जांभळीच्या दहाच्या दहा
भाकरीच्या परातीत मावतील इतक्यात.
आत्तार सर मागून म्हणाले,
"दहावर निकाल लावू नका. गोळ्यांचा लॉट बदलून बघा."
बदलला. परात तेवढीच.

ती पहिल्यांदा हसली
आणि हसतानाच, पुसून परत बसवताना,
दांडीवरून ती सुटली.
टिंग.
एवढाच आवाज, आणि पुढे गेली,
फायरिंग लाइनच्या पलीकडे,
जिथं लाल दिवा लागेपर्यंत
कुणी पाय टाकायचा नसतो.

आम्ही चौघं उभे. सात मिनिटं.
शेजारचं पोर सावकाश नेम धरत होतं,
त्याचा काय दोष.
दिवा लागल्यावर गुडघ्यांवर बसून शोधली,
खडीत, गवतात, वाळूच्या पोत्यांमागं.
न्हाईच.

स्पर्धेला हिरवी लावून गेली.
परत आली तेव्हा मी विचारलं,
हात जागेवर येत होता का लगेच?
ती म्हणाली, "खरं सांगू? कळलंच नाही काका."
मला जरा लागलं ते.
तीन ऐंशी, तीन ऐंशी, तीन ऐंशी.

पंधरा दिवसांनी झाडणाऱ्या सुलाबाईंनी
पुंगळ्यांचं पोतं भंगाराला काढलं.
मी माझा लोहचुंबक घेऊन गेलो, उगाच.
पितळेच्या ढिगावर फिरवला;
पितळ ढिम्म हललं नाही,
त्याला काय देणं-घेणं.
आणि तळातून, सगळ्यांना सारत,
ती एकटी उठून आली.

तिला कळवलं. म्हणाली, राहू दे तुमच्याकडंच.
आता ती मिश्रीच्या रिकाम्या डबीत असते.
सोमवारी उद्यमनगर बंद,
शटर अर्धं वर करून
तिला काट्यावर ठेवतो, ठोकळ्यापर्यंत दाबतो.
आकडा वाचायला आता चष्मा लागतो,
अंगठा थोडा थरथरतो, तो हिशोबात धरायचा.
तीन ऐंशी.
हात काढला की
पुरती उभी राहते.