पट्टा किती झुकतो

गार असतानाच मोजायचं, असं पुस्तकात आहे.
म्हणून पहाटे, आगरात अजून कुणी उतरलं नव्हतं तेव्हाच,
जयपूरचा पाय काढून भिंतीला टेकवला
आणि गोणपाटावर आडवा झालो.

पुढे दोन चाकं, मागे एक.
मोरजीतून कायमचा गेलेला आन्तोन
जाताना निम्म्या किमतीत देऊन गेला.
म्हणाला, हिला साखळी नाही, पट्टा आहे,
तेल मागत नाही, आवाज करत नाही.
तेल मागत नाही, हे खरं.
पण गेले आठ दिवस चोपड्याच्या चढावर
ती कुंईकुंई करते,
माळ्यावर कोंडलेल्या मांजरीसारखी.

बावीस वर्षं म्हापशाच्या स्टँडवर पायलट होतो.
पिवळा मडगार्ड, मागे कुणीही:
पोस्टमास्तर, नवरी, कोंबड्यांची पाटी.
साखळी सैल पडली की टाचेला कळायचं.
ज्या टाचेला कळायचं
ती आता नाही.

आता मोजावं लागतं.
पट्ट्याच्या मधोमध साडेचार किलोची ओढ,
आणि पट्टा झुकावा दहा मिलिमीटर.
ओढायला सुलभावहिनीचा मासळीचा काटा आणलाय,
आकड्याला अजून काल संध्याकाळचे बांगडे.
हा काटा पाव किलो पुढे धावतो
हे साऱ्या आगरवाड्याला ठाऊक,
तेव्हा पावणेपाचवर थांबायचं.

दातांवरून बोट फिरवत गेलो.
सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस, मोजताना चुकलो.
एका फटीत शिंपल्याची कपची,
नखाने निघेना, इंदुमतीच्या केसातल्या आकड्याने निघाली.
मांजर बहुधा तीच.
पण पट्टाही झुकत होता अठरा.

आसाच्या नटाला मिठाचा गंज.
इथे सगळ्यालाच लागतो, खिळ्याला, कडीला, देवाच्या घंटेला.
खोबरेल सोडलं, पान्याला पाइप जोडला,
आणि नट अचानक असा सुटला
की माझं कोपर चिऱ्यावर.

मग ती ओळ वाचली, जी आधी वाचायला हवी होती:
स्वार बसलेला असताना मोजा.
स्वार तर खाली, गोणपाटावर.

उपाय म्हणून मिठाचं पोतं चढवलं,
रोहिदासकडून उसनं आणलेलं, पन्नास किलो.
पोतं बसेना. पोत्याला कंबर नसते,
ते एका बाजूला कलंडलं
आणि शिवण उसवून माझ्या कानात मीठ.

इंदुमती चुलीकडून बघत होती.
अपघातानंतर अकरा वर्षं
ती बसनेच जाते, मुलीच्या बारशालाही बसनेच गेली.
मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.
पदराला हात पुसत आली,
"तें पोतें काड," म्हणाली, "हांव बसतां."

स्प्रिंग खाली गेली, पट्टा ताणला.
मला दिसत होते फक्त तिचे पाय,
पायटेकणीवर, पायलटच्या मागे बसणाऱ्या बाईचे असतात तसे,
एकाच बाजूला, जोडून.
"हालूं नाका," मी म्हणालो.
"हांव खंय हालतां?"

डाव्या बोल्टला पाव फेरा.
उजव्याला तेवढाच, नाहीतर चाक तिरकं धावतं.
काटा ओढला: चौदा.
पुन्हा पाव, पुन्हा पाव. अकरा.
मग अर्ध्याचाही अर्धा,
नखाएवढा.

दहा.

आसाचा नट आवळला. आवळताना कधीकधी बदलतं,
म्हणून परत मोजलं. दहा.
आगरात कुणीतरी फळी ओढायला लागलं होतं.
चुलीवर पेजेला ऊत आल्याचा वास आला,
तरी वर काही हालचाल नाही.

"जालें?" तिने विचारलं.

काट्याचा आकडा पट्ट्यात तसाच होता.
"रावगो," मी म्हणालो,
"एक फावट परत मेजतां."