ऐनवेळचे विषय

बैठक साडेसहाची, सुरू झाली सातला.
दस्तगीरमामूंच्या चपला दाराशी वाजल्या
तेव्हा कुठे कोरम भरला.
अकरापैकी सहा. लिहून घेतलं.

मिरजेत आजाऱ्यांना तोटा नाही.
जत, अथणी, पार विजापूरपासून येतात,
आणि डिस्चार्ज मिळाला की विचारत येतात आमची खोली,
स्टेशन रस्त्याला, औषधदुकानाच्या मागे:
व्हीलचेअर आहे का, वॉकर, पाण्याची गादी,
पाठ वर करणारी ती खाट आहे का.
खाटा तीन. वाट बघणारे नेहमी नऊ-दहा.
वहीत नंबर, नंबरापुढे नाव,
नावावर कधीकधी एक काट,
जिचं कारण आम्ही लिहीत नाही.

विषय तिसरा: सभासदांसाठी आचारसंहिता.
डॉक्टरीणबाईंनी नऊ कलमं टाइप करून आणलेली.
पहिलं: संस्थेकडून मानधन, भेट काहीही घेऊ नये.
माना डोलल्या. चहासुद्धा आम्ही वर्गणी काढून पितो.
चौथं: खरेदी नात्यातल्या दुकानातून असेल
तर त्या सभासदाने तेवढा वेळ बाहेर बसावं.
पंखा एकदम मोठ्याने फिरू लागला.

बाळगोंडा आमचे खजिनदार. गाद्यांचं दुकान जावयाचं.
सगळ्यांना ठाऊक. दर बाजारापेक्षा कमी, तेही ठाऊक.
"वर्षाला पदरचे घालतो मी," म्हणाले, "आणि मीच बाहेर?"
कोणी काही बोललं नाही.
अशा वेळी आम्ही फार सभ्य असतो.

दस्तगीरमामू सतारीची जवारी लावतात.
चष्मा पुसत म्हणाले,
"घोडीवर कानस फिरवून माझं मीच ऐकलं
तर मला ती कायम उघडल्यासारखीच वाटते.
म्हणून पोराला छेडायला लावतो,
आणि दुसऱ्याच कुणाला विचारतो, कशी आहे.
चोर नाही म्हणत तुला कुणी, बाळगोंडा.
कान दुसऱ्याचा लागतो, एवढंच."

बाळगोंडा उठले, पायरीवर जाऊन बसले.
काचेतून नुसती टोपी दिसत होती.
तीन दुकानांचे दर मागवायचं पाच मिनिटांत ठरलं,
त्यांना आत बोलवायला कोण जाणार
हे ठरायला आणखी पाच.
(तेवढा वेळ कोरम नव्हता. ते लिहिलं नाही.)

चिटणिसाचं एक बरं असतं,
मान खाली घालायला कारण असतं.

सहावं कलम: नंबर.
सभासदाच्या घरच्यांनाही तोच.
"यात चर्चेसारखं काय आहे," म्हणत बाई सातव्यावर गेल्या.
माझं पेन सहाव्यावरच.

माघात सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं
तेव्हा एक खाट रिकामी होती आणि किल्ली माझ्याकडे.
पहिला नंबर बेडगच्या आक्काताई खोतांचा.
मुलगा दोनदा येऊन गेला.
"अजून परत आली नाही," सांगितलं त्याला.
खोटं एवढंच, चार शब्दांचं.
बाकी पावती रीतसर फाडली, अनामत भरली,
तारीखही खरी घातली.
तीन आठवड्यांनी फोन केला, खाट आलीय म्हणून.
"नगं आता, ताई. भुईवरच गेली आई."
रागावला नाही. फोन केल्याबद्दल आभार मानले.
काट मी मारली, पट्टी लावून, सरळ.

शेवटचा विषय:
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
"नाहीत ना?" म्हणत बाई दर वेळी पर्स उचलतात
आणि मी लिहिते, आले नाहीत, आभार मानून सभा संपली.
आज तर ते वाक्य घरूनच लिहून आणलं होतं.

खोडलं.
"एक आहे," म्हटलं.
बाळगोंडा दारापर्यंत पोचले होते, तिथून वळले.
"माझ्याबद्दलच आहे, मग मी कसं लिहू?
सांगते, आणि बाहेर बसते."

दस्तगीरमामूंनी वही आपल्याकडे ओढली.
त्यांचं अक्षर मोठं, तिसरीतल्या पोरासारखं,
एकेक काना खाली ओढत लिहितात.
"सावकाश सांग," म्हणाले,
"आधी त्या बाईंचं नाव.
पूर्ण सांग."