तक्त्याची शेवटची ओळ

कमांडर तियोतोन फुर्तादो, वेळसांव, वय एकोणऐंशी,
माझ्या वास्कोच्या दुकानात येतात ते तक्ता पाठ करून.
एक डोळा तळव्याने झाकून
शेवटची ओळ घडाघडा म्हणतात: त, ळ, प, न, ख.
तक्ता मी मागच्याच महिन्यात बदललाय.

'लायसन्सचं काम आहे रे. कर सही.'
मी सही करत नाही. खुर्ची पुढे ओढतो.
उजव्यात मोतीबिंदू पिकलाय,
डाव्यात आता धरतोय.
या डोळ्यांनी वीरचक्र आणलं,
हे बाजारात पाववाल्यालाही ठाऊक आहे.

बुबुळावर उजेड धरला की माणसं बोलू लागतात,
हनुवटी पट्टीवर टेकलेली, म्हणून दातांतून, हळू.

एकाहत्तरचा डिसेंबर. दिवसाला तीन उड्डाणं.
परतताना जहाजाचा डेक म्हणजे काडेपेटी,
तीही डोलणारी.
शेपटीचा आकडा तारेत अडकला
की आधी दाढा दुखायच्या,
मग कळायचं, आलो.

खाडीच्या मुखाशी सात बोटी.
इतका खाली उतरलो की काचेवर खारं पाणी.
मानपत्रात सात लिहिलंय.
समारंभात मोठ्याने सात वाचलं.
'सहा होत्या,' ते म्हणाले.
मी उजेड दुसऱ्या डोळ्यावर नेला.

सातव्या होडीत एक माणूस होता.
त्याने जाळं अंगावर ओढून घेतलं.
जाळ्याने काय झाकतं?

त्याआधी दहा वर्षं, महिना तोच,
दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले त्या सकाळी
माझा बाप रांपण घालायला निघालेला.
विमानं डोक्यावरून गेली तेव्हा त्याने हेच केलं:
वर ओलं जाळं, खाली बाप.
पुढे सणासुदीला स्वतःच सांगायचा,
बांगड्यासारखा पडलो होतो, डोळे उघडे ठेवून,
आणि हसता हसता ठसका लागायचा त्याला.
आई हसायची नाही.
मी तेव्हा मुंबईत, धोबीतलावच्या कुडीत,
पेपरातलं विमानाचं चित्र कापून पेटीच्या झाकणाला चिकटवत होतो.

'ओळखलं मी. नजर सहा-बाय-सहा होती माझी.
पण बटण दाबून झालं होतं.
बोट डोळ्याच्या आधी पोचतं रे,
तसंच घडवलेलं आम्हांला.'

मी दिवा मालवला.
छपरावरून दाबोळीचं दुपारचं विमान गेलं,
कपाटातल्या काचा किणकिणल्या.
त्यांनी वर पाहिलं नाही.
'उशिरा आलं आज,' एवढंच.

कार्डावर लिहिलं: शस्त्रक्रिया, उजवा डोळा आधी.
त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं,
शेवटी माझ्याकडूनच वाचून घेतलं.
'डावा करा. उजवा राहू दे तसाच.
नेम उजव्याने धरायचो.'

लायसन्सचा कागद काउंटरवरच राहिला.
दारातून पाहिलं तर
स्कूटर चालू न करता, हाताने ढकलत
चढ चढत होते.