उबेचे ठिपके

बेर्गनच्या जुन्या मासळीबाजारावर, तिसऱ्या मजल्यावर
आमची समिती बसते, एक सोडून एक गुरुवारी.
पाच माणसं, एक किटली,
आणि मच्छिमारांच्या पेन्शनचा पैसा
कुठे ठेवावा, कुठून काढून घ्यावा, याचा खल.

या खेपेला एकच कंपनी.
चौतीस पानी उत्तर पाठवलंय त्यांनी,
सगळं कर्मणी प्रयोगात:
प्रणाली पुरवली गेली. करार केला गेला.
पुढे काय केलं गेलं, ते कळवलं गेलेलं नाही.
मी कर्ता शोधत पानं उलटते.
सगळे नामानिराळे.

ओस्मुन्द म्हणतो, सुरी विकणाऱ्याला
खुनासाठी कुणी धरत नाही.
तुरिड म्हणते, आणि दर महिन्याला
घरपोच धार लावून देत असेल तर?
कुठे खुपसायची तेही दाखवत असेल तर?
ओस्मुन्द किटली भरायला उठतो.
वाईट नाही तो. चाळीस वर्षं हिशेब तपासलेत,
आकडा जुळला की त्याला झोप लागते.

मला ही कंपनी लहानपणापासून ठाऊक.
म्हणजे तिच्या लहानपणापासून.
वोसच्या वर, माझ्या भावाच्या डोंगरात
सप्टेंबरात मेंढ्या खाली आणायच्या असतात
आणि दरसाल दहा-बारा सापडत नाहीत.
दोन पोरं आली, खिळखिळ्या व्होल्वोतून,
एक उडतं यंत्र, ऊब टिपणारा कॅमेरा,
काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके.
पहिल्याच संध्याकाळी सात मेंढ्या मिळाल्या.
आठवा ठिपका निघाला
फाटकाआड लघवीला थांबलेला माझा भाऊ.
पोट धरधरून हसलो आम्ही.

मग पोरं म्हणाली,
याला फरक शिकवायला हवा.
दोन हिवाळ्यांच्या तोंडाशी आम्ही तो शिकवला.
मी चालले, वाकले, झुडपांत आडवी झाले,
बसले पाय पोटाशी घेऊन
कळपाच्या मधोमध, एका म्हाताऱ्या मेंढीला कवटाळून.
रात्री प्रत्येक चित्राखाली बटण दाबायचं:
मेंढी. मेंढी. माणूस. मेंढी.
मोबदल्यात केक, आणि एक लोकरी टोपी,
कपाळावर कंपनीचं नाव विणलेली.
अजून घालते. थंडी पडतेच.

परिशिष्टात एक चित्रफीत आहे.
कुणी दिली ते सांगायचं नाही.
देशाचं नाव खोडलंय, गावाचंही.
चाळीस सेकंद.
काळा उतार, त्यावर विखुरलेले ठिपके,
संथ, चरत असावेत.
त्यातल्या एकाभोवती चौकोन उमटतो.
बाकी कुणाभोवती नाही.
तो ठिपका थांबतो. वर बघत असेल, कळत नाही,
उबेला चेहरा नसतो.
मग तो कळपाच्या मधोमध खाली बसतो
आणि पाय पोटाशी घेतो.

चौकोन हलत नाही.

पडदा पांढरा होतो.
मग ठिपके चहूकडे उधळतात
आणि ओस्मुन्द सवयीने मोजतो.

अर्जात तीन चौकटी आहेत.
थेट सहभाग, आडून सहभाग, माहिती अपुरी.
एक मत इकडे, दोन तिकडे.
अध्यक्षबाई माझ्याकडे वळतात:
गुनवॉर, तुझे काही हितसंबंध?
विचारावं लागतं, नियम आहे.
शेअर नाहीत, मी म्हणते.
मग म्हणते, टोपी आहे.

हसतात सगळे.
मी हसत नाहीये हे ध्यानात यायला
किटलीला उकळी फुटावी लागते.

इतिवृत्तात घ्या, मी सांगते, कर्त्यासकट घ्या:
घाबरलेलं माणूस कसं बसतं
ते त्याला मी शिकवलं. घाबरले नसताना.

सचिव पोरगी नवी आहे. पेन उचलून धरते,
आणि हळूच विचारते,
हे कुठल्या चौकटीत बसतं?