कारण

राजीनामा वगैरे कोणी देत नाही आमच्या राईस मिलमध्ये.
माणूस यायचा थांबतो.
दोन दिवस त्याच्या डब्याचा खिळा रिकामा दिसतो,
तिसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्याची पिशवी.

रजिस्टरात मात्र रकाना आहे : सोडण्याचे कारण.
अकरा वर्षं मीच भरतो तो, निळ्या पेनाने.
भोजराज हमाल : घरगुती.
रामटेक्यांची यशोधरा, कोंड्याच्या पोत्यांवर होती : घरगुती.
वेल्डर मुनाफ शेख : घरगुती.
वाचणाऱ्याला वाटावं, अख्ख्या साकोली तालुक्यात
घरोघरी काहीतरी बिनसलंय
आणि मिल तेवढी सुखात आहे.

पोळ्यानंतर दुर्वास कापगते यायचा थांबला.
सॉर्टेक्सवरचा. डोळे मिटून सांगायचा,
रबर रोल झिजला, आता कणी वाढणार.
शेठ म्हणाले, गोंदियावाल्यानं फोडला असेल, हजार वाढव.
मी हजार खिशात घालून निघालो
तलावाच्या पाळीवरून, मोटरसायकलवर,
मनात वाक्यं जुळवत :
आपण सगळे एका कुटुंबासारखे, वगैरे.

तो अंगणात अंबाडीचा दोर वळत होता.
बाज सरकवली. "बसा जी."
पाणी आलं. काळा चहा आला.
हजाराकडे त्यानं तसं पाहिलं
जसं पाहायचा बेल्टवरच्या पिवळ्या दाण्याकडे.
"पैशाचा इषय नाही जी.
तुमी स्टूल उचल्लं."

कुठलं स्टूल?
आठवावं लागलं मला. ही लाज इथेच लिहून ठेवतो.
छोट्या शेठनं नागपुरात मोबाईलवर पाहिलं होतं,
मशीनपाशी माणूस बसलेला.
फोन आला : बसायचा पगार देतो का आपण?
मी पोऱ्याला म्हणालो, उचल रे ते.
पाच सेकंदांचं काम.
मग बिलं काढायला बसलो.
बसलो. गादीच्या खुर्चीत.

"उभाही राह्यलो असतो," दुर्वास म्हणाला,
"पाय आहेत मले. पण एक डाव इचारलं असतं.
नऊ वर्सं बसूनच तर पकडला जी म्या खडा."
आणि दोराला पुन्हा पीळ.

हजार परत आणले.
शेठ म्हणाले, एका स्टुलासाठी?
मी म्हणालो, हो.
पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं,
म्हणून गोदामात गेलो.
बारदान्याखाली सापडलं, एक पाय हलता.
मुनाफ असता तर टाका मारला असता.
मीच तार गुंडाळली, वाकडीतिकडी,
आणि नेऊन ठेवलं मशीनपाशी.

नवा पोरगा टीकाराम त्याच्या शेजारी उभाच.
"बस."
"नाही जी." आणि डोळे वर, कॅमेऱ्याकडे.

मग मीच बसलो त्यावर, तोंड कॅमेऱ्याकडे करून,
तळहातावर मूठभर तांदूळ घेऊन.
त्यातलं मला काही कळत नाही.
खिशात फोन थरथरायला लागला.
"साहेब, फोन," टीकाराम म्हणाला.
वाजला, थांबला, परत वाजला.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
दुर्वासपुढे लिहिलं : स्टूल.
चांगलं दिसलं अक्षर.
मग वर गेलो, भोजराजच्या ओळीवर.
घरगुती खोडलं
आणि पेन तसाच राहिला हातात.
यशोधरा. मुनाफ. त्याच्याही वरचे सगळे.
खोडता येत होतं. लिहिता येत नव्हतं.

भोजराज लाखांदूरकडे असतो म्हणतात.
सकाळी पेट्रोल भरून घेतलं पाहिजे.