खिडकीतली कांडी

मोदिएही म्हणजे उशीर लावणारी.
दोन दिवस अडलेल्या बाळंतपणानंतर ठेवलेलं नाव,
ती सांगते, आणि लाकडी पेटीचं झाकण काढते.

पेटीत डोंगर निजलेला, कांड्याकांड्यांनी.
लेसोथोच्या माथ्यावरचा काळा बसाल्ट.
दहा सेंटिमीटरहून लांब तेवढेच तुकडे मोजायचे,
बाकीचे धरायचेच नाहीत.
शंभरात चौऱ्याण्णव.
हातोडी मारली की टणकन परत येते.
दाबयंत्रात फुटताना बंदुकीसारखा बार.

मी फाकिसो, म्हणजे घाई.
माझ्याकडे हिशेब: मीटरमागे किती बोल्ट,
किती जाळी, काँक्रीटचा थर किती बोटं.
बोगद्यात एकेक बोल्ट कमी करत गेलं
की खाली दरीत एक दवाखाना उभा राहतो, असं शिकवलेलं मला.
(तो दवाखाना अजून कुठे दिसला नाही.)
म्हणून लिहिलं: अस्तर नको.
दगड स्वतःला धरून राहील.
शितावरून भाताची परीक्षा,
आणि शितांच्या तर सहाशे पेट्या होत्या आमच्याकडे.

सहीच्या सकाळी ती आली,
खांद्यावर जाड ब्लँकेट, हातात बशी.
बशीत भुगा.

"भोक क्रमांक सतरा, न्ताते. एकशे बारा मीटर खोल.
मार्चपासून माझ्या खिडकीत होती,
पडदा उडू नये म्हणून ठेवलेली.
कुणी हात नाही लावला. ऊन, धुकं, एवढंच."

ती कांडी मला आठवत होती,
पांढऱ्या ठिपक्यांची, देखणी.
ठिपक्यांतल्या मातीने हवेतली ओल पिऊन घेतली
आणि आतल्या आत फुगत गेली.
आमच्या यंत्राने विचारलं होतं, किती सोसशील?
किती दिवस, ते विचारायचं राहिलं.

माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,
असं साहेब लोकांना सांगायचे.
मी बशीत बोटाने रेघ ओढून पाहिली.
सहज ओढली गेली.

रात्रभर पेट्या पुन्हा उघडल्या, कंदील धरून.
ठिपके दिसतील तिथे अस्तर,
बाकीचा डोंगर उघडा.
चार किलोमीटर आणि वर थोडं.
खर्च का वाढला, या रकान्यात
मी फक्त लिहिलं: मोदिएही.
साहेबांना वाटलं, उशीर झाला म्हणून.

तिच्या खिडकीत आता
भोक क्रमांक एकोणीसची कांडी आहे.
जाता-येता मी बघतो.
आज तरी शाबूत होती.